अपवादाचा दाखला

मी चिडकी आहे हे माझ्या गोपनीय अहवालात दरवर्षी लिहिलं जातं. "कामात चोख, स्वभावाने तापट." साहेब बदलले, शेरा बदलला नाही. माझा नवरा म्हणायचा, स्वरूपा, तुला ऑडिटमध्ये नोकरी लागली नसती तर तू लोकांच्या घरात घुसून हिशेब विचारले असतेस. या स्वभावामुळे एकदा जवळपास साडेआठशे माणसं वाचली. त्यानंतर जे झालं ते मला सांगायचंय, कुणाला पटो वा न पटो.

आधी 'अंकुश' म्हणजे काय ते सांगते, त्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

देशाचं सरकार मध्यंतरी कर्जात इतकं रुतलं की सैन्याचेसुद्धा पगार अडकले. मग संसदेने कायदा केला. वर्षाच्या सुरुवातीला प्रत्येक कामाच्या खर्चाची मर्यादा ठरवायची आणि ती ओलांडायचीच नाही. असले नियम पूर्वीही होते हो! पण पूर्वी पैसा आधी उडायचा आणि आम्ही हिशेब तपासणारे दोन वर्षांनी जाऊन "मर्यादा ओलांडली" असा आक्षेप लिहायचो. बैल गेला आणि झोपा केला. आता सरकारचा रुपया हा नुसता संगणकातला आकडा, आणि आपण कशासाठी आहोत हे त्या आकड्यावरच कोरलेलं. हा औषधाचा, तो रस्त्याचा. त्या कामाची मर्यादा भरली की रुपया जागचा हलत नाही, मग सही मंत्र्याची असो नाहीतर आणखी कुणाची. या व्यवस्थेचं नाव अंकुश.

पण अचानक संकट आलं तर? त्यासाठी कायद्यात एक फट ठेवली होती, अपवादाचा दाखला. ऑडिटरने जागेवर जायचं, स्वतःच्या डोळ्यांनी पाहायचं आणि खात्री पटली तर तिथल्या तिथे दाखला द्यायचा. अडलेल्या पैशाचं कुलूप उघडतं.

झालं! पहिल्याच वर्षी ऑडिटरांची डोकी फुटायला लागली. आमच्या एकाला विहिरीत उलटं टांगून दाखला घेतला, तोही क्रिकेटच्या मैदानासाठी. म्हणून मग ऑडिटरच्या मनगटावर पट्टा आला. दाखला द्यायचा तर त्या पट्ट्यावर बोट टेकवायचं.

त्यातलं शास्त्र अगदी सोपं आहे. माणूस घाबरला की शरीर पळायची तयारी करतं. रक्त मांड्यांकडे वळतं, बोटांच्या टोकाच्या बारीक रक्तवाहिन्या आवळल्या जातात. चेहऱ्याने खोटं हसता येतं, त्या वाहिन्यांना नाही येत. पट्टा त्यांचा आवळ सतत मोजतो. बाहेर ऊन किती, थंडी किती, याचा हिशेब तो वजा करतो. वाहिन्या सैल असल्या की हिरवा दिवा, आवळलेल्या असल्या की निळा. निळ्यावर कुणी ऑडिटरचं बोट टेकवून घेतलंच तर कुलूप तीन दिवस पक्कं, मग दुसऱ्या ऑडिटरलाही उघडत नाही. हेतू हा की ऑडिटरला धमकावून काही मिळत नाही हे कळलं की लोक धमकावणंच सोडतील. शास्त्रज्ञांनी भीतीचा विचार बारकाईने केला. रागाचा केलाच नाही. राग आला की रक्त मुठीत येतं, वाहिन्या सैल होतात, दिवा हिरवाच राहतो. चिडलेला माणूस दबावाखाली कसा असेल, असं त्या शहाण्यांचं म्हणणं.

आता भानापूरचं सांगते.

भानापूर चंद्रपूरकडे, कोळसा संपलेल्या खाणीच्या काठावर. त्या खाणीत पाणी साठून मोठा तलाव झालाय. वर भाजणारं ऊन आणि हवेत त्या पाण्याचा दमटपणा. अशा हवेत घाम येतो पण सुकत नाही, आणि घाम सुकला नाही की अंग निवत नाही. धडधाकट माणूसही चार-सहा तासांत आतून शिजतो. म्हणून केंद्र सरकारने तिथे गारवा केंद्र काढलं होतं. कोळशाचं जुनं गोदाम, त्यात थंड हवेची यंत्रं. ज्यांच्या घरात सोय नाही त्यांनी दिवसभर तिथे येऊन बसायचं. त्या वर्षी उन्हाळा फेब्रुवारीतच उगवला. मार्चअखेरीला वर्षाची मर्यादा संपली, एका सकाळी विजेचे पैसे अंकुशाने अडवले आणि वीज कंपनीने नियमाप्रमाणे बटण बंद केलं. पैसे भरल्याशिवाय वीज नाही. नवं वर्ष, नवी मर्यादा एप्रिलच्या एक तारखेपासून. तोपर्यंत जगायचं कसं, ते कायद्यात नव्हतं.

दाखला द्यायला नागपूरहून मी आणि इरफान निघालो. इरफान मुजावर मिरजेचा, माझा सहायक. अकरा वर्षं आम्ही जोडीने देश पालथा घातला. मी भांडायची आणि तो नंतर जाऊन मिटवायचा. "मॅडमचं मनावर घेऊ नका, घरी पण तशाच आहेत," हे त्याचं ठरलेलं वाक्य. माझी मुलं त्याला मामा म्हणायची.

पोचलो तेव्हा गोदामाची दारं सताड उघडी होती, कारण आत बाहेरपेक्षा जास्त उकाडा झाला होता. भिंतीच्या पट्टीभर सावलीत माणसं एकमेकांना खेटून बसलेली. म्हातारे मान टाकून पडलेले, बाया पदराने वारा घालत होत्या. आम्ही गाडीतून उतरलो तशी एक बाई स्टीलचा पेला घेऊन पुढे आली.

"घ्या जी मॅडम, पाणी घ्या. उन्हातून आल्या."

मी हात जोडले. "नको मावशी. तपासणीला आलो की आम्ही तिथलं पाणीसुद्धा घेत नाही."

हा आमचा जुना शिरस्ता. ज्याचे हिशेब तपासायचे त्याच्याकडचा चहा नाही, पाणी नाही, सुपारीचं खांड नाही. नोकरीच्या पहिल्या दिवशी साहेबांनी शिकवलं होतं आणि त्याचा मला केवढा अभिमान! बाईचा हात तसाच पुढे राहिला. तिने पेल्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"आमच्या हातचं चालत नाही काय?"

माझं आडनाव भिंगारदिवे. पाणी नाकारलं की माणसाला काय होतं हे मला दुसऱ्या कुणी शिकवायला नको होतं. आमच्या मागच्या पिढ्यांनी ते भोगलेलं आहे. तरी ते वाक्य माझ्याच तोंडून गेलं. उचलली जीभ, लावली टाळ्याला! मी सावरायला गेले, "तसं नाही हो मावशी, नियम आहे," आणि तेवढ्यात शेजारी इरफानने सवयीने आपली थंड बाटली काढून तोंडाला लावली.

"पाहा!" कुणीतरी ओरडलं. "आत मानसं मरून राह्यली अन् हे थंडगार पिऊन राह्यले!"

पहिला दगड इरफानच्या कानशिलावर बसला. दुसरा गाडीच्या काचेवर. मग मोजायला कोण थांबतंय! मला केसांना धरून खाली ओढलं, पाठीत लाथा बसल्या, तोंडात माती गेली. ड्रायव्हर गाडी सोडून पळाला. एकाने मागून माझा दंड पिरगाळला आणि गळ्याला विळा लावला. गवत कापायचा विळा, त्याला अजून ओल्या गवताचा वास होता.

"टेकव बोट! वीज सोड!"

"सोडायलाच आलेय रे बाबा!" मी किंचाळले. "पण आत्ता टेकवलं तर तीन दिवस बंद होईल! पट्टा बघ, निळा झालाय!"

"नियम सांगून राह्यली अजून! काप हिला!"

हे लोक खोटे नव्हते, वाईटही नव्हते. त्यांना पाहिजे होतं तेच द्यायला मी आले होते. आणि आता देऊ शकत नव्हते, कारण मी भीतीने गळपटले होते. माझी बोटं बर्फासारखी झाली होती. मी स्वतःला बजावत होते, शांत हो, श्वास घे. गळ्यावर विळा असताना श्वास घेऊन बघा एकदा.

दोघांनी आतून एका म्हाताऱ्याला आणून माझ्यासमोर ठेवलं. डोळे उघडे, अंग तापलेल्या तव्यासारखं, जीव गेलेला. त्याच्या मागून केंद्राचा व्यवस्थापक आला, मारोती खिरटकर. हडकुळा, चाळिशीचा, शर्ट घामाने अंगाला चिकटलेला. हातात यंत्राचे नळ आवळायचा लांब पान्हा. मागच्या वर्षी डिझेलच्या हिशेबावरून मी याला तासभर झापलं होतं.

"विळा काढ रे," तो म्हणाला. "तशानं नाही उघडत. घाबरल्या हायेत त्या."

"तेच सांगतेय मी! यांना लांब करा, मला जरा बसू द्या," मी म्हटलं.

"किती वेळ मॅडम? माझी बायको आत हाये. आठवा महिना चालू हाये तिले. शुद्ध गेली तिची." त्याने माझ्या मनगटाकडे पाहिलं. "मागच्या साली तुमी माझ्यावर खेकसल्या ना, तवा हा पट्टा हिरवागार होता. मी पुरा वेळ त्याच्याकडंच पाहत होतो."

तो काय म्हणतोय हे मला कळलं नाही. इरफानला कळलं असावं. तो जमिनीवर पडला होता, कपाळातून रक्त वाहत होतं, दोघे त्याच्या छातीवर बसलेले. तो म्हणाला, "खिरटकर, नको. अहो, नको."

"माफ करजा भाऊ," खिरटकर म्हणाला, आणि त्याने पान्हा इरफानच्या गुडघ्यावर घातला.

हाड मोडल्याचा आवाज मला आजही स्वयंपाकघरात ऐकू येतो. इरफान ओरडला. खिरटकरने पुन्हा घातला, त्याच जागी. तो रडत होता. रडत रडत मारत होता आणि प्रत्येक घावानंतर वळून माझ्या मनगटाकडे बघत होता.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. अकरा वर्षं माझ्यासाठी लोकांच्या हातापाया पडलेला माणूस हा! विळ्याबिळ्याचं मला भानच राहिलं नाही. दंड धरणाऱ्याच्या हाताला मी कडकडून चावले, त्याचं मांस माझ्या दातात आलं. सुटले आणि खिरटकरच्या नरडीला जाऊन भिडले. त्याने पान्हा टाकून दिला. माझ्या दोन्ही मुठी तापल्या होत्या आणि मनगटावर दिवा हिरवा, लख्ख हिरवा.

"आता टेकवा," तो घुसमटत म्हणाला. "मग मले मारा."

खरं सांगते, त्या क्षणी मला वाटलं की नाही टेकवणार. मरू देत सगळी. भाजू देत. ज्यांनी माझ्या माणसाचा पाय मोडला त्यांना मी गार वारा द्यायचा? बोट पट्ट्यापासून दोन इंचांवर होतं आणि माझ्या अंगातला कण न् कण नाही म्हणत होता. तेवढ्यात इरफान मातीतून ओरडला, "टेकवा मॅडम! माझा पाय फुकट घालवू नका!"

मी बोट टेकवलं.

पाच मिनिटांत यंत्रं घरघरायला लागली. सगळा जमाव आम्हाला तिथेच टाकून आत धावला. साडेआठशेपैकी आधीच गेलेले सात सोडले तर बाकीचे जगले, खिरटकरची बायकोही जगली. मी काय केलं? पान्हा उचलला आणि खिरटकरच्या तोंडावर घातला. त्याने हात वर केला नाही. दोन दात मातीत पडले, मग त्याने आणि मी मिळून इरफानला गाडीत चढवलं.

इरफानचा पाय मांडीपासून कापावा लागला. मी रोज नागपूरच्या दवाखान्यात जायची. एका दुपारी त्याने विषय काढला.

"मॅडम, अहवालात काय लिहिणार?"

"घडलं ते."

"राग आल्यामुळे कुलूप उघडलं, हे?"

"मग? ती यंत्रणेतली खोट आहे. लिहायला नको?"

"लिहू नका." तो उशीवर सरकून बसला. "तुमचा अहवाल संसदेपुढे ठेवतात. दुसऱ्या दिवशी तो सगळ्या देशाला वाचायला मिळतो. लोकांना कळलं की धमकावून नाही, चिडवून उघडतं, तर काय होईल? आज माझा पाय गेला. उद्या दुसऱ्या कुणाचा?"

"म्हणून तर लिहायचं! वाचतील, पट्टा दुरुस्त करतील."

"दुरुस्तीला खर्च येतो. त्या खर्चालाही मर्यादा असणार." तो हसला, पण ते हसू चांगलं नव्हतं. "लोकांकडे पान्हा आधीपासून आहे."

"इरफान, आपण पाहिलं ते लिहिलं नाही तर आपण ऑडिटर कसले?"

"पाय माझा गेलाय. माझं एवढं ऐका."

मी ऐकलं नाही. मला कुणी असं कर म्हटलं की मी तसं करत नाही, हा माझा दुसरा दोष. भानापूरवर मी दीड पानाचा परिच्छेद लिहिला, चोख, एकही विशेषण न वापरता. इरफानने वाचला, मला परत दिला आणि म्हणाला, "येत जाऊ नका आता." अकरा वर्षं एका वाक्यात संपली. मी घरी येऊन ढसाढसा रडले आणि त्याच संध्याकाळी अहवाल दिल्लीला पाठवला.

सरकारचं उत्तर सहा महिन्यांनी आलं. "बाब विचाराधीन आहे. सुधारित पट्ट्यांसाठीची तरतूद चालू वर्षाच्या मर्यादेत बसत नाही." इरफानने अगदी हेच सांगितलं होतं. मी तो कागद फाडला, नंतर परत चिकटवला.

लोकांनी मात्र परिच्छेद नीट वाचला. बिहारमध्ये एका ऑडिटरच्या ड्रायव्हरला त्याच्यासमोर तुडवलं, धान्याचं कुलूप उघडलं. ओडिशात एकीच्या भावाचे हात मोडले, बंधाऱ्याचं उघडलं. सगळी कामं खरी, सगळ्या गरजा खऱ्या. दरवेळी कुणीतरी वाचायचं आणि कुणीतरी मोडायचं. मग आमच्या खात्याने फर्मान काढलं की ऑडिटरने एकट्याने जावं, सोबत कुणालाही नेऊ नये. म्हणजे मारायला कुणी उरणारच नाही. मलाही ते पटलं. खरंच पटलं.

पुढच्या मार्चमध्ये मी कुरंडीला गेले. तसंच गारवा केंद्र, तशीच संपलेली मर्यादा. गाडी स्वतः चालवत गेले. मनात ठरवलेलं, पाणी दिलं तर प्यायचं, आत जायचं, बघायचं, बोट टेकवायचं आणि निघायचं. शांत होते मी. दिवा हिरवा होता.

फाटकाशी दगड नाही, आरडाओरडा नाही. दोन्ही बाजूंना माणसं ओळीने उभी. पुढे सरपंच होत्या, माझ्याच वयाच्या, पदर नीट खोचलेला.

"या मॅडम. तुमाले काही तरास नाही होऊ द्यायचा. कोनी हात नाही लावनार."

"बरं झालं. चला, आत बघू."

"आत कायले? आमी केली हाये सोय." त्यांनी हात केला. मधल्या मोकळ्या जागेत लिंबाच्या झाडाला एक माणूस बांधलेला होता. साठीचा, उघडा, पाठ आमच्याकडे. "उद्धव मेश्राम. आमच्यातलाच हाये. रातच्याला चिठ्ठ्या टाकल्या, त्यात याचं नाव निघालं. त्याची ना नाही."

दोन पोरगेले गडी तुराट्या नव्हे, चांगल्या बांबूच्या काठ्या घेऊन त्याच्या दोन बाजूंना उभे होते.

"अहो, सोडा त्याला!" मी म्हटलं. "काही गरज नाही! मी शांत आहे. शांत असलं तरी कुलूप उघडतं. फक्त भीती नको, एवढंच!"

सरपंचबाईंनी मान हलवली. माझी कीव येत असावी त्यांना. "असं नाही लिवलं मॅडम. तुमच्याच अहवालात आमी समद्यांनी वाचलं."

खरं होतं ते. नव्हतं लिहिलं. शांत माणसाने बोट टेकवल्यावर कुलूप शेकडो ठिकाणी निमूट उघडलं होतं, पण त्याची ओळसुद्धा कुठल्या अहवालात नव्हती. जे नीट चाललंय ते ऑडिटर कधीच लिहीत नाही. आम्ही फक्त आक्षेप लिहितो.

मी पुढे धावले. चार बायांनी मला धरलं, हळूच, बाळंतिणीला धरावं तसं. पहिली काठी पाठीवर पडली. मग दुसरी. कातडी फाटली. मी ओरडले, शिव्या दिल्या, "थांबा, थांबा, मी देते दाखला," आणि मनगट वर केलं.

दिवा निळा झाला होता.

मला भीती वाटत होती. जमावाची नाही, त्यांनी मला बोट लावलं नव्हतं. मी लिहिलेलं समोर घडत होतं त्याची. जन्मभर पोत्याने असलेला राग मी शोधत होते, स्वतःवर, सरपंचांवर, सरकारवर, आणि माझी बोटं गार पडत चालली होती. आत मुलं रडत होती. काठ्या थांबेनात, कारण सगळ्यांचे डोळे माझ्या मनगटावर होते आणि ते हिरवं होत नव्हतं.

म्हाताऱ्याने दोरीतून मान वळवली. तोंडातून रक्त येत होतं. मोठ्या कष्टाने, अगदी अजिजीने तो मला म्हणाला, "मॅडम, लवकर चिडा ना जी."